गजभियेकाकांची मिऱ्याची चक्की

गजभियेकाका वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यातून निवृत्त झाले, पण ते त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. भाजी आणायला निघताना त्यांच्या कापडी पिशवीच्या तळाशी अर्ध्या किलोचं लोखंडी वजन असायचंच. भाजीवाल्यानं भेंडी तोलली की काका आधी आपलं वजन त्याच्या काट्यावर ठेवत, आकडा बघत आणि मगच खिशात हात घालत. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या बाजारातले निम्मे भाजीवाले त्यांना लांबून पाहूनच चार भेंड्या जास्त टाकायचे. काका त्याही उचलून परत द्यायचे. "ज्यादा नहीं चाहिए, भैया. बराबर चाहिए."

मागच्या महिन्यात नागपूरहून त्यांच्या मुलाचा, राजूचा, फोन आला की बाबा गेले. मी "हो का" म्हणाले, फोन ठेवला आणि भाजीला फोडणी द्यायला वळले. फळीवर काकांनी दिलेली लाकडी चक्की होती. मिरे दळायची, हातात मावेल एवढी. ती हातात घेतली आणि मग मात्र मला गॅस बंद करून खाली बसावं लागलं.

आमच्या दोघांच्या घरांना एकच भिंत. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून काका आणि सुमनकाकू शेजारी. काका उंच, पोट सुटलेले, मिशा राखलेले. कोणाच्या घरी गेले तर खुर्चीवर बसायच्या आधी ती हलवून पाहणार. गॅसचं सिलिंडर आलं की दाराच्या चौकटीला टांगलेल्या ताणकाट्याला अडकवणार आणि सिलिंडरवाला घाम पुसत उभा. मी एकदा नवा कुकर आणला, तर काकांनी न विचारता त्याचं झाकण चार वेळा लावून काढून पाहिलं आणि "रबर ढिलं हाय, वापस करा," असा निकाल दिला. मी चिडले. वापस मात्र केला.

"माल खोटा असन तं तो सोता सांगते, बाई," ते म्हणायचे. "आयकनारा पायजे."

काकूंना या सगळ्याची मोठी मजा वाटे. "साऱ्या जगाचं वजन करतेत," त्या मला अंगणाच्या भिंतीवरून सांगायच्या, "आपन मातर काट्यावर चढत नाईत."

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. काकूंनी आणलेलं, काकूंनी केलेलं काही काकांनी कधी तपासलं नाही. काकू कटंगीच्या, त्यांचं माहेर तिथलं. तिथल्या आठवडी बाजारातून त्या धान्य, तेल, मसाले घेऊन यायच्या आणि ते तसंच डब्यात जायचं. मी एकदा गमतीनं विचारलं, "काका, हे नाही का तोलत?" तर एकदम गंभीर झाले. "घरचं तोलत नसतात," म्हणाले. त्या वेळी मला ते ऐकून कौतुकच वाटलं होतं.

काकांना पोटात अल्सर झाला आणि डॉक्टरांनी लाल मिरची बंद केली. जन्मभर तिखटजाळ जेवलेल्या तिरोडीकडच्या माणसाची मिरची बंद! पहिला महिनाभर काका घरात असे फिरत होते, की गल्लीत कोणी त्यांच्याशी बोलायला धजत नव्हतं. मग काकूंनी मिरे हाती घेतले. डॉक्टर थोड्या मिऱ्यांना नाही म्हणाले नव्हते. त्या "थोड्या"वर काकूंनी पुढची किती वर्षं काढली.

त्यांची एक रीत होती, त्यांच्या आईकडून आलेली. मिरे कच्चे वापरायचे नाहीत. लोखंडी कढईत जवसाच्या तेलाची धार सोडायची, त्यात मिरे टपोरे होईपर्यंत परतायचे आणि गार झाले की बरणीत भरायचे. "कच्चं मिरं घशाले लागते," त्या सांगायच्या. "जवसाच्या तेलात परतलं का पोटाले थंड." हे कितपत खरं, कोण जाणे. वास मात्र असा सुटायचा, की आमच्या घरातले लोक "आज काकूंकडे मिरे आहेत" म्हणून हातातलं काम थांबवायचे.

दुसरी रीत त्याहून पक्की. मिरे आधी कुटून ठेवायचे नाहीत. ताट वाढून झालं, काका बसले, की मग काकू त्यांच्यासमोर पितळी खलबत्ता घेऊन बसायच्या. डावा तळवा खलाच्या तोंडावर आडवा, म्हणजे दाणे उडू नयेत, आणि उजव्या हातात बत्ता. कुटून झालं की चिमूट काकांच्या वरणावर. तेव्हाच काका पहिला घास घ्यायचे. आम्हाला भिंतीपलीकडून रोज दोन वेळा तो ठणठण आवाज यायचा.

"काकू, एकदाच का नाही कुटून ठेवत?" मी म्हटलं होतं.

"ठेवलं का मंग वास डब्याले भेटते," काकू म्हणाल्या. "मानसाले काय भेटन?"

मग काकूंचा उजवा हात गेला. दिवाळीच्या आधी, घर सारवता सारवता त्या एका कुशीवर कलंडल्या. दवाखान्यातून आल्या तेव्हा बोलणं बऱ्यापैकी आलं होतं, पाय ओढत का होईना टाकता येत होता, उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तिथेच राहायचा. राजू नागपूरला चला म्हणाला. काकू म्हणाल्या, "ह्या घरात माही चूल हाय." काका स्वयंपाक शिकले. तांदूळ काट्यावर, पाणी काट्यावर, मीठसुद्धा काट्यावर. भात तरी रोज बिघडायचा. "तिच्या अंदाजानं व्हाचा," मला म्हणाले, "माह्या काट्यानं नाई होऊन राह्यला."

त्या पहिल्या दिवसांतच एकदा मी कढी द्यायला गेले. दोघं जेवायला बसत होते. काकांनी स्वतःच मिरे कुटले, स्वतःच्या वरणावर घातले आणि घास उचलला. काकूंनी डाव्या हातानं स्वतःचं ताट ढकललं. रागावून नाही. ढकललं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"काहून वं? काय झालं?" काका घाबरले.

"भात तुमीच करता, भाकर तुमीच करता, माहे केसबी तुमीच बांधता," काकू म्हणाल्या. त्यांचे शब्द अजून जड यायचे. "तेवढं मिरं तं माह्यासाठी ठेवा."

काकांनी लगेच खलबत्ता त्यांच्यापुढे ठेवला. पण एका हातानं ते जमणार कसं? बत्ता मारला की तोंडावर तळवा नको का? दाणे खोलीभर उडाले. दोन दाणे माझ्या कढीत पडले. काकू हसल्या, काकाही हसले, मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात. "बाई, मिऱ्याची चक्की भेटते म्हनतेत ना, टेबलावर ठेवाची? एका हातानं चालन अशी पायजे."

त्यानंतरच्या वर्षभरात या एका वस्तूसाठी काकांनी जेवढी पायपीट केली, तेवढी नोकरीत केली नसेल. पहिली चक्की काचेची, इथल्याच भांड्यांच्या दुकानातली. तिला एका हातानं धरायचं आणि दुसऱ्यानं झाकण फिरवायचं. काकूंनी बाटली दोन गुडघ्यांत पकडली आणि डाव्या हातानं झाकण फिरवलं. मग काकांनी ताट पुढे केलं, काकूंनी चक्की त्यावर झटकली. काळी पूड वरणावर पडली. काकांनी घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, "बराबर." त्या माणसाच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नव्हती. काकूंचा चेहरा कसा झाला होता, ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

आठवडाभर ती चालली. मग जड झाली, मग कुरकुरायला लागली, मग अडली. काका दुकानात जाऊन भांडले. दुसरी आणली, गोंदियाहून, लाकडी. तीही पंधरवडा चालून अडली. तिसरी मी मोबाइलवरून मागवून दिली, मुठीत धरून दाबायची. ती तर एकाच हाताची होती, गुडघ्यांची भानगड नाही. आम्हाला वाटलं, सुटलो. तिचे दाते दहा-बारा दिवसांत अडकून बसले. चौथी स्टीलची. मधे बॅटरीवर चालणारीही राजूनं पाठवली होती. बटण दाबलं की घर्र करून पूड पाडणारी. काकूंनी ती एकदाच दाबली आणि बाजूला ठेवली. "हे तं आपोआपच दळते. मंग मी कायले पायजे?"

गोंदियाच्या दुकानात एकदा मी त्यांच्याबरोबर होते. मी शिकवते त्या शाळेचं काहीतरी काम होतं, काकांच्या पिशवीत ती लाकडी चक्की. दुकानदार वयस्क, शांत माणूस. त्यानं चक्की उघडली, आतलं सगळं ओतून टाकलं, ब्रशनं दाते घासले, आपल्या डब्यातले मिरे भरले आणि दोन बोटांनी फिरवून दाखवली. पूड भुरभुर पडली.

"चाचाजी, चल तो रही है."

"तुम्हारे यहाँ चलती है," काका म्हणाले. "हमारे घर में नहीं चलती. दुकान का काँटा दुकान में बराबर ही रहता है, ये हमको मत सिखाओ."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. चक्की घेऊन आम्ही गाडीत बसलो. काकांनी घरी येऊन तिच्यात काकूंच्या बरणीतले मिरे भरले. बरणी आता काका भरत होते. काकू खुर्चीवर बसून सांगायच्या, "आजून थोडं तेल टाका... आजून... आता हालवा." आणि काका निमूट तेल टाकायचे. चक्की काही दिवस छान चालली आणि हळूहळू जड झाली.

ते हळूहळू जड होणंच वाईट होतं. एकदम मोडली असती, तर काकूंनी चक्कीला शिव्या घातल्या असत्या. पण आज कालच्यापेक्षा थोडी जड, उद्या आणखी थोडी. काका दोन्ही हातांनी जोर लावायचे तेव्हा ती फिरायची. दुकानात तर दोन बोटांनी फिरायची. काकू हे सगळं बसून बघत होत्या. आम्ही चक्क्यांना दोष देत होतो आणि त्या वेगळाच हिशेब मांडत होत्या.

थंडीच्या दिवसांत एकदा दुपारी मी तिथेच होते. ताट वाढलेलं. काकूंनी स्टीलची चक्की गुडघ्यांत धरली, डाव्या हाताच्या शिरा फुगेपर्यंत पिळली. चिमूटभरही पडली नाही, दोन-चार कण पडले. काका म्हणाले, "हे बी खराब निंगाली. उद्याच वापस करतो साल्याले."

"नोका करू," काकू म्हणाल्या. "चक्की चांगली हाय. तो दुकानवाला सांगते ते खरं हाय." आणि आपल्या डाव्या हाताकडे बघून म्हणाल्या, "माहाच हात गेला. आता हा बी चालला."

"काई बी काय बोलतं वं!"

"हौ. मले समजते ना. रोज थोडा थोडा चालला."

जिथे ते दोन-चार कण पडले होते, तेवढाच भात काकांनी वरणात कालवला आणि "बराबर हाय, पाह्य, बराबर हाय," म्हणत जेवले. काकूंनी त्यानंतर चक्की हातात घेतली नाही. आग्रह केला तर म्हणायच्या, "राहू द्या, तुमीच घ्या." केस बांधून घेताना मान पुढे करायच्या, तशी आता सगळ्याच गोष्टींना मान पुढे करत होत्या. थंडी सरायच्या आत दुसरा झटका आला आणि त्या गेल्या.

घरी बुद्धवंदना झाली, नातेवाईक आले आणि परतले. काका एकटे राहिले. भिंतीपलीकडून काहीच आवाज यायचा नाही, आणि मला त्या शांततेची भीती वाटायची. कधी डबा द्यायला गेले, तर काका खुर्ची हलवून न पाहता तिच्यावर बसलेले असायचे.

मग एका रविवारी दुपारी दार वाजलं. काका उभे होते, हातात पत्र्याचा ट्रे आणि ट्रेमध्ये स्टीलची सोडून सगळ्या चक्क्या ओळीनं. पाणी घ्या म्हटलं, तर घेतलं नाही.

"बाई, हे फिरवून पाहा."

मी काचेची फिरवली. लोण्यासारखी फिरली. लाकडी फिरवली, तीही. मुठीत दाबायचीही चालली. मला कळेना.

"सुमनच्या बरनीतलं मिरं सरलं," काका सांगायला लागले. "मले परतू नाई वाटलं. कायले परतू? दुकानातली पुडी आनली, राजूच्या बॅटरीवालीत तसेच कच्चे मिरे भरले. चालली. दुसऱ्या दिवशी चालली. महिना झाला, चालूनच राह्यली. मंग मले शंका आली. हे साऱ्या खोलल्या. आतमंदी काय असन? राळेवानी चिकट. जवसाचं तेल, बाई. ते सुकलं का गोंद होते. गरम पान्यात सोडा टाकून धुतल्या, तं हे साऱ्या चालतेत. मंग एकीत मुद्दाम परतलेलं मिरं भरलं. आठ दिवसात बसली."

माझ्या लक्षात आलं, की त्यांनी आयुष्यभर जसं दुकानदारांचं तपासलं, तसं हे तपासलं होतं. एकदा असं, एकदा तसं, चूक राहू नये म्हणून.

"एकबी चक्की खराब नोती," काका म्हणाले. "मी त्या बिचाऱ्याइले चोर म्हनलं. आन् सुमनचा हात..." त्यांनी ट्रे खाली ठेवला. "तिचा हात चांगला होता, बाई. शेवटपरेंत चांगला होता. तिले वाटलं गेला. मी जलमभर लोकाइचे काटे तपासले, आन् घरची बरनी नाई पाह्यली."

मी म्हणाले, "काका, तुम्हाला कसं कळणार?" ते ऐकून घेतलं, पण ते त्यांना पुरलं नाही आणि पुरणारही नव्हतं. मला तरी कुठे पुरलं? काकूंचा तो चेहरा, डाव्या हाताकडे बघणारा, मी पाहिला होता. ज्या माणसानं त्यांचं कधी काही तपासलं नाही, त्यानं एवढं एकच तपासलं असतं, तर त्या हात गेला असं समजून गेल्या नसत्या. हे कोणाच्या पदरात घालायचं? मला राग यायचा आणि राग कोणावर करायचा ते सापडायचं नाही.

पुढच्या आठवड्यात काका एकटे गोंदियाला जाऊन आले. त्या दुकानदाराला सांगून आले, की तुझा माल बराबर होता, माझंच चुकलं. इथल्या भांडेवाल्यालाही सांगून आले. मग चक्क्या गल्लीत वाटल्या. काचेची कोपऱ्यावरच्या घरात, मुठीची समोर, बॅटरीची शिंप्याकडे, लाकडी माझ्याकडे. प्रत्येक दारात थांबून आधी कच्चे मिरे भरून फिरवून दाखवायचे. मग तेच सांगायचे, "सुमनचा हात शेवटपरेंत चांगला होता." लोक आधी गोंधळायचे, मग हो म्हणायचे. कोणी हसलं नाही, हे आमच्या गल्लीचं मला कायम बरं वाटलं.

उन्हाळ्यात राजू गाडी घेऊन आला. घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. सामान भरलं, कुलूप लागलं, किल्ली माझ्याकडे आली. काका पुढच्या सीटवर बसले होते. मांडीवर ती कापडी पिशवी. मी खिडकीशी गेले तेव्हा त्यांनी पिशवीत हात घातला. मला वाटलं, वजन काढतात की काय. त्यांनी स्टीलची चक्की काढली. शेवटची, काकूंनी शेवटी हातात घेतली होती ती.

"हे नाई धुतली," ते म्हणाले. "आतमंदी तिचंच मिरं हाय. फिरवा पाहू."

मी फिरवली. जागची हलेना. दोन्ही हातांनी धरली, पदर खोचला, दात आवळून पिळली. कर्र झालं आणि माझ्या तळहातावर तीन-चार काळे कण पडले. जवसाच्या तेलाचा आणि मिऱ्याचा तो वास आला आणि माझे डोळे भरून आले.

"दोन हात लागले ना?" काकांनी विचारलं.

"हो काका. दोन्ही लागले."

"तिनं हे एका हातानं फिरवली. डाव्या." ते राजूकडे वळले. "आयकलं का रे? बाईले दोन हात लागले."

राजूनं मान डोलावली. काकांनी माझ्या तळहातावरचे कण एका बोटानं उचलले, जिभेवर ठेवले आणि डोळे मिटले. मग चक्की पिशवीत ठेवून पिशवीचं तोंड बांधलं आणि राजूला म्हणाले, "चाल आता."